चतुर्थीच्या सुट्टीतली पडताळणी

अन्नसुरक्षेचा कायदा दिल्लीत होऊन बराच काळ लोटला होता. तो आमच्या राज्यात प्रत्यक्ष उतरायची वेळ आली, तेव्हा कोणते घर स्वस्त धान्याला पात्र आणि कोणते नाही, हे दारोदार जाऊन तपासण्याचे काम प्राथमिक शिक्षकांकडे आले. त्यात नवल काही नव्हते. मतदारयादी असो, जनगणना असो, पोलिओचे डोस असोत, अशा वेळी शिक्षकांखेरीज कोणी कोणाला आठवत नाही. माझ्या वाट्याला नार्व्याच्या अलीकडची, नदीकाठची एक वाडी आली. त्याच वाडीवरच्या मराठी शाळेत मी बरीच वर्षे शिकवीत होते, तेव्हा तिथली घरे मला ठाऊक असणार, असे वरिष्ठांनी गृहीत धरले.

घरे ठाऊक होती हे खरे. त्यांच्या उंबऱ्याच्या आत मात्र मी फारशी कधी गेले नव्हते. माझे माहेर चोपड्याचे. लहानपणी नदीपलीकडच्या मावशीकडे निरोप घेऊन जायचे असले तरी मी धाकट्या बहिणीला पुढे करीत असे. वर्गात मुलांना दिवसभर प्रश्न विचारणे जमते, कारण त्यांची उत्तरे आपल्याला आधीपासून माहीत असतात. परक्या ओसरीवर बसून मोठ्या माणसांना त्यांच्या घरातले विचारणे, ही माझ्या दृष्टीने वेगळीच विद्या होती.

तालुक्याच्या ठिकाणी आमचे एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. पात्र घराला माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळणार होते. घरातली सर्वांत वयस्क बाई शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून लागणार होती. पगारदार माणसाचे घर बहुधा बाहेर राहणार होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कुटुंब कशाला म्हणायचे, हे समजावताना अधिकारी म्हणाले, "एका छपराखाली राहतात ते एक कुटुंब नव्हे. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. प्रत्यक्ष पाहा, मग लिहा."

मागच्या बाकावरून एक शिक्षक म्हणाले, "आणि सर, बायको माहेरी गेल्यावर जो खानावळीत जेवतो, त्याचे कुटुंब कोणते?"

सगळे हसले. मी 'प्रत्यक्ष पाहा' हे शब्द वहीत उतरवले आणि त्यांच्याखाली पट्टी ठेवून रेघ ओढली.

कामाला मुदत होती दोन आठवड्यांची. शाळा सुरू असताना फिरणे शक्य नव्हते, आणि एरवी दुपारी त्या वाडीवर कुलपेच भेटत. पुरुष कामावर, बायका शेतात. मग आमच्यापैकी चौघीपाचजणींच्या मनात एकच विचार आला. चतुर्थीच्या सुट्टीत घरोघरी माणसे असतात. मुंबईला गेलेलेसुद्धा परततात. तेव्हा एका फेरीत सगळे भेटतील. इतका सोयीचा काळ वर्षात दुसरा नाही, असे आम्ही एकमेकींना सांगितले. एकीलाही त्यात काही वावगे दिसले नाही. आम्ही सगळ्या याच तालुक्यांत जन्मलेल्या आणि नांदलेल्या. चतुर्थीला आपल्याच घरांत काय होते हे आम्हांला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी मी एका घरी गेले. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौले, पुढे ओसरी, मागे लांबट पडवी. त्या घरच्या दोन मुली माझ्या चौथीच्या वर्गात होत्या, सख्ख्या चुलत बहिणी. हजेरीपुस्तकात दोघींच्या नावापुढे एकच घर क्रमांक होता. थोरल्या भावाच्या मुलीच्या डब्यात चपाती-भाजी, कधी शिरा. धाकट्याच्या मुलीकडे डबाच नसे. शाळेतला आहार आला की ती रांगेत सर्वांच्या पुढे उभी राहायची. धाकटा भाऊ खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, पुढे वर्षभरात काविळीने तो गेला. त्याच्यामागे बायको आणि दोन मुली; लहानगी अजून शाळेत येत नव्हती. बायको दोडामार्गाकडची. ती लावणीला, कापणीला, काजूच्या दिवसांत बोंडू वेचायला मजुरीवर जायची. थोरला वीज खात्यात लाइनमन होता, कायम नोकरीवर. शाळेत येताना रोज सकाळी मला त्या घराच्या दोन बाजूंनी धूर दिसायचा, एक स्वयंपाकघराच्या कौलांतून, दुसरा मागच्या पडवीतून.

त्या दिवशी ओसरीवर पाऊल ठेवताच गणपतीवर टांगलेल्या माटोळीचा ओला, रानटी वास आला. गणपतीच्या डोक्यावर सुपाऱ्यांचे घोस, कांगले, तोरिंगणे, कसलीकसली फळे लटकत होती. घरची म्हातारी, म्हणजे त्या दोघा भावांची आई, दाराशी वाती वळत बसली होती.

"ये बाय, ये. आज वाट चुकलंस?"

मी कामाचे सांगितले. पिशवीतून अर्ज काढले.

लाइनमन आतून नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, बशी घेऊन आला. "टीचर, आधी नेवऱ्यो खावा, मगे काय ता लिवा. उपाशी पोटान सरकारी काम केल्यार आमची नावा चुकतली."

"तुझा चुकला तरी चलात," म्हातारी म्हणाली. "पगार चुकूचो नाय म्हणजे झाला."

मी हसले आणि लिहू लागले. कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात म्हातारीचे नाव घातले आणि नव्या कायद्याने घरातली थोरली बाई प्रमुख होते, हे तिला समजावले. तिने वाती खाली ठेवल्या.

"सरकारान माका मुख्य केल्यान? ऐकलंस मरे थोरल्या? आता माका इचारल्याशिवाय टीव्ही लावूचो नाय."

"आवशी, तू पयलीपासून मुख्यच. सरकाराक आता कळला."

घरात हशा पिकला. मोठ्या सुनेचा, मुलींचा आवाज त्यात होता. धाकटी सून पाण्याचा तांब्या घेऊन मधल्या दारात उभी होती. तीही हसली असावी. मी पाहिले नाही. मला पुढचा प्रश्न विचारायचा होता आणि तो कसा विचारावा याची मी जुळणी करीत होते.

"घरात चुली किती?" शेवटी मी अर्जावरून मान न उचलता विचारले.



"चुली?" म्हातारी म्हणाली. "बाय, तू शिकलेली मगे. गणपती किती दिसतत तुका? गणपती एक, तर चूल एक. एका गणपतीच्या घरात दोन चुली लिवन आमची शोभा करतंस की काय?"

"तसे नव्हे. प्रत्यक्ष पाहायचे असते, म्हणून..."

"बघ, बघ. भितर जा आणि बघ."

मी आत गेले. स्वयंपाकघरात मोठी सून खतखत्याची मिसळभाजी ढवळत होती. शेजारी धाकटीने नुकतीच सोडलेली खोबऱ्याची किसणी उघडी होती. मागच्या पडवीत मातीची दुसरी चूल होती. ती शेणाने सारवलेली होती, वर रांगोळीचे दोन ठिपके होते आणि आत राखेचा कणही नव्हता. त्या घरचा रिवाज मला नंतर कोणी सांगावा लागला नाही. आमच्याकडेही तोच होता. गणपती घरात असेपर्यंत वेगळे झालेले सगळे एका चुलीवर येतात. वेगळी चूल आदल्या दिवशी विझवून सारवायची आणि विसर्जनानंतर पुन्हा पेटवायची.

धाकटी माझ्यामागोमाग पडवीत आली होती. तिथे आम्ही दोघीच होतो. तिला एक प्रश्न विचारला असता, 'एरवी तू इथे रांधतेस ना?' एवढाच, तर पुरे होते. ती माझ्या हातातल्या अर्जाकडे पाहत होती. मी तिला मुलीचे अक्षर छान आहे असे सांगितले. मग ओसरीवर येऊन त्या रकान्यात 'एक' लिहिले. प्रत्यक्ष पाहिले होते तेच लिहिले, अशी स्वतःची समजूत घातली. म्हातारीचा अंगठा घेतला, खाली माझी सही केली आणि एक नेवरी खाऊन बाहेर पडले.

यादी लागली ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. त्या घरातली सगळी माणसे एका कुटुंबात धरली गेली होती. लाइनमनच्या पगारामुळे ते कुटुंब अपात्र ठरले होते. यादीत नाव शोधून मिळाले नाही, तेव्हा धाकटी मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात आली. उभीच राहिली. मी खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

"टीचर, माझा नाव खंय गेला?"

मी तिला सांगितले. माझ्या हातून काय लिहिले गेले, तेही सांगितले. पण ते सांगताना मी 'आपण' म्हटले, 'आपण एक लिहिली होती', जणू त्या अर्जावर तिचीही सही होती.

ती रागावली नाही. "माका वाटला, तुमका ठावक आसा," एवढेच म्हणाली.

आतून शाळेतला आहार वाटणाऱ्या बाईने हाक मारली, "गो, रेशनचो तांदूळ मिळाक नाय म्हणान रडतंस काय? तो सुरय तांदूळ आमच्या कोंबड्यापण खायनत!" रेशनवर येतो तो पांढरा सुरय; आमच्याकडे आवडीने खातात तो उकडा.

"तुमच्या कोंबड्यांक उकडो मिळता," धाकटी म्हणाली. "माका खंयचोय चलता."

त्या दिवसापासून मी दुरुस्तीच्या मागे लागले. हे वाक्य आज लिहितानाही मला त्यात फुशारकीचा वास येतो, म्हणून सांगते, की मागे लागणे म्हणजे मी अर्ज लिहिले. अर्ज लिहिणे मला जमते. पहिल्या मसुद्यात मी स्पष्ट लिहिले होते, की पडताळणी सणाच्या दिवसांत केली, दुसरी चूल मला माहीत होती आणि तरी मी नोंदवली नाही. तो मसुदा माझ्या यजमानांनी वाचला. "हे दिलेस तर आधी तुझ्यावरच मेमो निघेल," ते म्हणाले. निवृत्तीला माझी तीन वर्षे उरली होती. दुसऱ्या मसुद्यात मी 'माहीत होती' हे शब्द काढले. तिसऱ्यात चतुर्थी गेली. चौथ्यात उरले ते इतकेच, की सदर घराची स्थिती पुन्हा पाहिली जावी, ही विनंती. तो अर्ज सुवाच्य होता आणि त्यावरून कोणालाही काहीही कळले नसते.

तरीही उत्तर आले. पुन्हा पाहणी होईल, पण नोंद बदलायची तर विभक्त राहत असल्याचा पंचायतीचा दाखला हवा, आणि त्यासाठी घराच्या मालकिणीची संमती. घर म्हातारीच्या नावावर होते.

मी एकटीच तिच्याकडे गेले. माझ्या आयुष्यात बोलावणे नसताना कोणाच्या घरी गेल्याचे हे पहिलेच उदाहरण असावे. म्हातारी परसात मिरच्या वाळत घालीत होती. मी सगळे मांडले: पाच किलो माणशी, तीन माणसांचे पंधरा किलो, दर महिन्याला. तिने ऐकून घेतले. मला वाटले होते, ती पुन्हा गणपतीचे, घराच्या शोभेचे बोलेल. ती हळू आवाजात बोलली.

"बाय, माका काय दिसना? मागल्या पडवेत रातची पेज शिजता ती माका वास येता. पण तू इचार कर. आज मी कागदार अंगठो दिलंय, की ही वेगळी. उद्या मी डोळे मिटलंय की थोरलो म्हणतलो, तूच लिवन दिलंस मगे वेगळी म्हणान, आता ती खोली सोड. वाटणी झाली नाय. धाकटो झील गेलो. तिका ह्या घरात उभी ऱ्हवाक काय आसा? एक चूल आसा कागदार, ताच आसा."

"पण तो असे करील का?"

"तो बरो आसा. त्याची बायल पण बरी आसा. मी मेलंय म्हणजे बरी ऱ्हवतली काय, ता कोण सांगतलो? तू सांगतंस?"

 इतकी वर्षे मी त्या बाईला अडाणी, हट्टी समजत आले होते, आणि कायद्याच्या ज्या बाजूचा मला प्रशिक्षणात पत्ता लागला नव्हता, ती तिने मिरच्या पसरता पसरता पाहिली होती. पण ती चुकत होती की बरोबर होती, हे मला तेव्हा ठरवता आले नाही आणि आजही येत नाही. तिच्या भीतीने त्या तिघींचे एक वेळचे पोट भरत नव्हते, हेही तितकेच खरे होते.

म्हातारीने अखेर एवढे कबूल केले, की सरकारी माणूस येऊ दे, सुनेला विचारू दे, ती सांगेल तसे होऊ दे. ती वेगळी म्हणाली, तर आपण अंगठा देऊ, आड येणार नाही. मला तो मोठा विजय वाटला.

निरीक्षक आला तो पावसाळ्यापूर्वी, साध्या दिवशी. मीही सोबत गेले. तरुण होता, घाईत होता, वाईट नव्हता. मागच्या पडवीत चुलीवर पेज रटरटत होती. कोणालाही दिसावी अशी. ओसरीवर लाइनमन ड्यूटीच्या कपड्यांत उभा होता, म्हातारी दाराशी. निरीक्षकाने धाकटीला पुढे बोलावले.

"बाई, तुम्ही वेगळ्या रांधता की एकत्र?"

तिने म्हातारीकडे पाहिले नाही. दिराकडेही नाही. तिने आपल्या खोलीच्या दाराकडे पाहिले, जिथे तिच्या दोन्ही मुली उभ्या होत्या.

"एकत्रच," ती म्हणाली. "ती चूल न्हाणयेच्या पाण्याक."

"पण त्यावर तर भांडं..."

"आज गॅस संपलो म्हणान."

निरीक्षकाने माझ्याकडे पाहिले. आता बोलणे माझे होते. सर्वांसमोर म्हणायला हवे होते, की ही बाई खोटे सांगते आहे, आणि का सांगते आहे, तेही मला माहीत आहे. पण ते म्हटले असते तर त्या ओसरीवर दिराचे नाव घ्यावे लागले असते. जे अजून घडलेच नव्हते त्याचा आरोप त्याच्या तोंडावर करावा लागला असता.  निरीक्षकाने पूर्वीच्या नोंदीशी पडताळून 'फेरफार नाही' असे लिहिले आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. त्या घराच्या कागदांवर माझी ही दुसरी सही.

परतताना ती फाटकापर्यंत आली. "टीचर, तुमी वायट वाटून घेव नका," म्हणाली. "तांदूळ खंय तरी मिळतलो. खोली खंय मिळतली?"

मी घरून एकदा दहा किलो उकडा तांदूळ शिपायाबरोबर पाठवला. संध्याकाळी तो लाइनमनच्या स्कूटरवरून परत आला. "टीचर, आमच्या घरात कोण उपाशी नाय," तो अगदी नम्रपणे म्हणाला, आणि पिशवी माझ्या पायरीवर ठेवून गेला.

पुढच्या वर्षी मजुरी आणखी कमी झाली. शेते पडीक पडत होती. लावणीला बायका लागेनाशा झाल्या होत्या. धाकटीने पणजीला एका घरी राहून काम करायचे पत्करले. लहान मुलीला सोबत नेले, मोठीला इथे आजीजवळ ठेवले. खोलीला कुलूप लावून चावी म्हातारीकडे दिली. म्हातारी दोन वर्षांत गेली, तेव्हा मोठीही आईकडे गेली. खोली कोणी बळकावली असे म्हणता येणार नाही. आधी तिथे लाइनमनने वायरीचे बंडल ठेवले, मग स्कूटर, मग आपल्या मुलीचे अभ्यासाचे टेबल. धाकटीने कधी विचारले नाही आणि त्यानेही कधी सांगितले नाही. ज्या खोलीसाठी तिने पंधरा किलो तांदूळ सोडला होता, ती तांदळाच्या पाठोपाठ गेली. तिला काढून लावायची पाळी कोणावर आलीच नाही.

मी निवृत्त झाले. शाळेत मुले उरली नव्हती. पुढे ती शाळाच शेजारच्या शाळेत मिळवली गेली.

मागच्या वर्षी डिचोलीच्या बसस्टँडवर धाकटी भेटली. केस पांढरे झाले होते. मोठ्या मुलीचे लग्न दोडामार्गाकडेच ठरते आहे, म्हणाली. आम्ही एकाच बसमध्ये बसलो. मयेच्या तळ्याच्या फाट्यापर्यंत ती पणजीच्या मालकिणीच्या कुत्र्याचे सांगत होती. त्याला वेगळा भात शिजवावा लागतो, मीठ न घालता. मग एकदम म्हणाली:

"टीचर, तुमका कायद्यातला कळता. आता मी थंय ऱ्हवतंय, तर पणजेक माझा वेगळा कार्ड होयत काय?"

मला कळत होते. तिथे वेगळे कार्ड हवे तर आधी इथल्या, धान्य न मिळणाऱ्या का होईना, एकत्र कार्डावरून नाव कमी झाल्याचा दाखला लागतो. तो दाखला कुटुंबप्रमुख बाईच्या अर्जावर मिळतो. म्हातारीनंतर त्या घरात वयाने थोरली बाई म्हणजे तिची जाऊ. जावेने अर्ज दिला, तर त्या घराशी धाकटीचे कागदावर उरलेले शेवटचे नातेही संपणार होते. नाही दिला, तर कार्ड नव्हते. आणि दाखला मिळाला तरी पात्र घरांची संख्या केव्हाच भरली आहे, याची मी त्याच आठवड्यात चौकशी करून आले होते. दुसऱ्या एका बाईसाठी.

"विचारून सांगते," मी म्हणाले.

"इचारा हां," ती म्हणाली. "घाई नाय."

तिचा फोन नंबर मी पर्समधल्या चिठ्ठीवर लिहून घेतला. माझा थांबा आधी आला. तिने माझी पिशवी उचलून दारापर्यंत आणून दिली.

त्याला वर्ष होत आले. चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे. मी तिला फोन केलेला नाही.